गुरूची तेरीज

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

विज्ञानावरचा लेख बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याने लिहावा आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फार तर बचतीचे महत्त्व सांगावे, असा आपल्या अंकाचा अलिखित नियम आहे. तो नियम मी आज मोडतो आहे. गुरू ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा माणसाने कसा तयार केला, याविषयी मला लिहायचे आहे. प्राध्यापकांना यात काही चुकीचे आढळले तर त्यांनी कान धरावा. मात्र शेवटपर्यंत वाचून मगच धरावा, एवढीच विनंती.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. एस. एस. एल. सी.ला विज्ञानात बरे गुण होते आणि पुढे विज्ञानच घ्यायचे असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. पण पी. यू. सी.ला विज्ञान म्हणजे सगळे इंग्रजीतून, त्यावर शिकवणीची फी वेगळी. आमचे आप्पा रविवार पेठेतील एका वखारीत दिवाणजी आहेत. त्यांनी मला 'नको' म्हटले नाही. फक्त फीचा आकडा एका कागदावर लिहिला, त्याच्याखाली पगाराचा आकडा लिहिला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. वजाबाकी मलाच करावी लागली. मी वाणिज्य शाखेचा फॉर्म भरला. त्यानंतर बरेच दिवस मला आप्पांच्या वह्यांचा राग येत असे. जगात कुठे काय काय चालले आहे आणि आपण मात्र जमेकडे काय नि नावेकडे काय हे घोकत बसलो आहोत, असे वाटायचे.

माझा एक मित्र बी. एस्सी.ला आहे. तो कन्नड माध्यमातून आलेला, मी मराठी. पहिल्या वर्षी बसस्टॉपवर ओळख झाली ती दोघांचेही इंग्रजी सारखेच कच्चे म्हणून. तो माझ्याशी त्याच्या मराठीत बोलतो, मी त्याच्याशी माझ्या कन्नडमध्ये, आणि दोघेही एकमेकांच्या चुका आनंदाने ऐकतो. गेल्या थंडीत त्याला वर्गात गुरू ग्रहावर बोलायचे होते. आमच्या शहापुरातल्या घराला गच्ची आहे, म्हणून तो रात्री आमच्याकडे आला. पूर्वेला गुरू असा ठळक चमकत होता की चुकायला वावच नव्हता. आजी जिन्यातूनच म्हणाली, "काय करालास रे थंडीत? बघालाच आहेस तर तुझ्या ताईला यंदा गुरुबळ आहे काय ते तरी विचार की त्याला!"

मित्राने हसून सांगितले, "आज्जी, त्याचं बळ मोजलंय बघा. आपल्या पृथ्वीच्या वीस हजार पट."

आजीला तो आकडा पुरेसा वाटला असावा. ती खाली गेली.

मित्राने जे सांगितले ते थोडक्यात असे. आपल्या पृथ्वीच्या पोटात वितळलेले लोखंड फिरते आणि त्यातून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. गुरूच्या पोटात काय आहे? गुरू बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम यांचा बनलेला. आडवा अकरा पृथ्व्या मावतील एवढा, आणि तरी स्वतःभोवतीची एक फेरी दहा तासांच्या आत पुरी करणारा. एवढ्या ओझ्याखाली खोलवरचा हायड्रोजन इतका दाबला जातो की तो धातूसारखा वीज वाहू लागतो. तो धातूसारखा हायड्रोजन फिरतो, घुसळतो आणि त्यातून सूर्यमालेतील सर्व ग्रहांत प्रबळ असे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ढगांच्या आत शिरून ते यंत्र पाहणे कोणालाही शक्य नाही. पण त्या यंत्राचा हिशेब बाहेर येतो, तो चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने. तो हिशेब नीट वाचता आला तर आतली उलाढाल कळते.

'हिशेब' हा शब्द मित्राने सहज वापरला. मी मात्र तिथेच कान टवकारले.

या हिशेबाची पहिली चाहूल १९५५ साली लागली. अमेरिकेत मेरीलँडमध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे रेडिओ दुर्बिणीने आकाशाची पाहणी करीत होते. नोंदींत एक खरखर पुन्हा पुन्हा येई. जवळपासचा काहीतरी व्यत्यय असावा असे प्रथम वाटले. पण ती खरखर गुरूबरोबर आकाशात सरकत होती. चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांवाचून असे रेडिओ तरंग निघत नाहीत, हे पुढे उलगडत गेले. मग याने गेली. १९७३ च्या डिसेंबरात पायोनियर १०, पुढच्याच डिसेंबरात पायोनियर ११, १९७९ मध्ये दोन व्हॉयेजर, १९९२ मध्ये युलिसिस. ही सगळी याने गुरूपाशी मुक्कामाला थांबली नाहीत. वाटेत लागलेल्या गावातून एस. टी.ने जावे तशी ती जवळून निघून गेली. खिडकीतून दिसले तेवढे टिपले. १९९५ पासून २००३ पर्यंत गॅलिलिओ हे यान मात्र गुरूभोवती फिरत राहिले, पण त्याच्या फेऱ्या बहुतेक दुरून आणि विषुववृत्ताच्याच पातळीत होत्या.

दुरून मोजण्यात एक मोठी अडचण असते. चुंबकाचे दोन टोकांचे साधे क्षेत्र अंतर दुप्पट केल्यावर एक अष्टमांश उरते. त्याहून गुंतागुंतीचा भाग एक सोळांश उरतो, त्याहून बारीकसारीक भाग एक बत्तिसांश. म्हणजे लांब गेलो की बारकावे आधी पुसले जातात आणि ठोकळ तेवढे शिल्लक राहते. पेठेतला गलबला किल्ल्याच्या तळ्याकाठी ऐकू आला तर पेठ भरली आहे एवढे कळते. मिरचीचा भाव काय फुटला ते कळत नाही. त्यासाठी पेठेतच जायला हवे.

तसे जवळ गेलेले यान म्हणजे जूनो. ५ ऑगस्ट २०११ रोजी ते अमेरिकेतून सुटले, २०१३ मध्ये पुन्हा पृथ्वीजवळून जाऊन तिच्याकडून वेग उसना घेतला आणि ४ जुलै २०१६ रोजी गुरूभोवतीच्या कक्षेत शिरले. ही कक्षा उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे जाणारी, उभी आहे. २०२१ पर्यंत एक फेरी ५३ दिवसांची होती. त्यातले बहुतेक दिवस यान खूप दूर असते. मग ते खाली झेपावते आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचे अंतर सुमारे दोन तासांत कापते. त्या वेळी ढगांपासून त्याची उंची चारपाच हजार किलोमीटर. गुरूच्या मानाने ही उंची म्हणजे नारळाला माशी घासून जावी तशी. गुरूभोवती जीवघेण्या किरणोत्साराचे पट्टे आहेत, त्यांच्या आणि ढगांच्या फटीतून यान निसटते. तरीही नाजूक यंत्रणा टायटॅनियमच्या, सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या पेटीत बंद करून ठेवावी लागली आहे.

मोजणारे यंत्र कसे असते, हे मी मित्राला तीनदा विचारले. त्याच्या पुस्तकातले मला समजेना, तेव्हा त्याने उदाहरण दिले ते तराजूचे. मऊ चुंबकीय धातूच्या गाभ्याभोवती तारेचे वेटोळे असते. तारेतून उलटसुलट वीज सोडली की गाभा एकदा या दिशेने आणि एकदा त्या दिशेने चुंबकित होतो. बाहेर काही चुंबकत्व नसेल तर दोन्ही बाजू सारख्या. बाहेर असेल तर एक पारडे आधी भरते. किती आधी भरते त्यावरून बाहेरचे चुंबकत्व किती ते समजते. असे तीन दिशांना तीन तराजू. जूनोवर या यंत्राचे दोन संच आहेत आणि ते यानाच्या पोटात ठेवलेले नाहीत. एका सौर पंखाच्या अगदी टोकाला, यानाच्या मध्यापासून १० आणि १२ मीटरवर आहेत. कारण यानातल्या तारा आणि यंत्रे यांचेही थोडे चुंबकत्व असते. दोन्ही संचांच्या आकड्यांत जो फरक पडतो त्यावरून यानाचे स्वतःचे चुंबकत्व ओळखून बाजूला काढता येते. शिवाय संचांशेजारी डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेले छोटे कॅमेरे आहेत. ते तारे पाहून त्या क्षणी यंत्राचे तोंड नेमके कुठे आहे ते सांगतात. आकडा बरोबर आणि दिशा चूक, तर तो आकडा कवडीमोल.

मी म्हटले, "म्हणजे रक्कम बरोबर, पण जमेची नावे पडली."

"होय की! तसंच बघ," मित्र म्हणाला.

त्याने मोबाईलवर नकाशा दाखवला तो त्यानंतर. गुरूच्या ढगांखाली काही हजार किलोमीटरांवर चुंबकीय क्षेत्र कसे असेल त्याचा तो नकाशा. जिथून चुंबकीय रेषा बाहेर पडतात तो भाग तांबडा-पिवळा, जिथे त्या पुन्हा आत शिरतात तो निळा. उत्तरेकडे एक अरुंद तांबडा पट्टा, दक्षिण ध्रुवाभोवती पसरट निळे, आणि विषुववृत्ताच्या किंचित खाली, आजूबाजूला काहीच नसताना, एकच गडद निळा ठिपका. कुणाच्या तरी पेनातून शाई ठिबकावी तसा.

मी सहज विचारले, "हे चुकून पडलेलं नाही कशावरून? सगळ्या रेषा दक्षिणेला आत गेल्या असत्या तर बेरीज जुळली असती. मध्येच ही रक्कम कुणाची?"

मित्र दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तू आमच्या सरांकडे चल."

सरांनी सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले, "तू विचारलंस तो प्रश्न बरोबर आहे, आणि तो तुला तुझ्या विषयामुळे सुचला. चुंबकाला एकच टोक कधी नसतं. म्हणून कोणत्याही ग्रहातून जेवढं क्षेत्र बाहेर पडतं तेवढंच आत यावंच लागतं. बेरीज शून्य. निसर्गाची तेरीज कधी चुकत नाही. चुकली असेल तर आपली नोंद चुकली."

वाणिज्य शाखेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रोजचे व्यवहार लिहितात ती कीर्द. कीर्दीतून प्रत्येकाच्या खात्यात रक्कम उतरवतात ती खतावणी. आणि महिन्याअखेरीस खतावणीतल्या सगळ्या जमेच्या व सगळ्या नावेच्या बाकींची बेरीज मांडतात ती तेरीज. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. कन्नडमध्येही रोजच्या वहीला 'किर्दि'च म्हणतात, आणि हिशेब पडताळणे म्हणजे 'ताळे नोडु'. आपला ताळा आणि त्यांचे ताळे एकच. चुंबकाला मात्र मी लोहचुंबक म्हणतो आणि मित्राची आई 'सूजिगल्लु', म्हणजे सुईचा दगड. हा शब्द मला आपल्या शब्दापेक्षा आवडला.

सरांनी पुढे दाखवले की हा नकाशा खरोखरच वह्या लिहाव्यात तसा बनतो. यान सेकंदाला ६४ वेळापर्यंत क्षेत्र मोजते, ती कीर्द. त्या लक्षावधी नोंदी मोजक्या खात्यांत कशा उतरवायच्या, ती रीत कार्ल फ्रेडरिक गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८३९ साली पृथ्वीसाठी प्रसिद्ध केली. एक खाते साध्या दोन टोकांच्या चुंबकाचे, पुढची खाती त्याहून गुंतागुंतीच्या आकारांची. याच रीतीने ग्रहाच्या आतून आलेले क्षेत्र आणि बाहेरच्या प्रवाहांचे क्षेत्र वेगळे काढता येते. घरखर्च आणि दुकानखर्च वेगळा काढावा तसे. गुरूबाबत हे फार गरजेचे आहे. त्याच्या आयो या चंद्रावरच्या ज्वालामुखींतून सुटलेले कण विद्युतभारित होऊन गुरूभोवती फिरतात, आणि त्यांच्या प्रवाहाचेही चुंबकत्व हिशेबात मिसळते.

जूनोच्या पहिल्या नऊ फेऱ्यांवरून जॅक कॉनर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अशी १२० खाती प्रसिद्ध केली. सरांनी तो तक्ता मला दाखवला. सबंध महाकाय ग्रह आणि १२० आकडे! पहिल्या खात्यात सुमारे ४.१ गॉस. पृथ्वीच्या तक्त्यात त्याच जागी सुमारे ०.३, आणि तोही ऋण. म्हणजे गुरूजवळ होकायंत्र नेले तर त्याची उत्तर दाखवणारी सुई दक्षिणेकडे वळेल. एवढी मोठी गोष्ट एका चिन्हात मावली होती. जमा की नावे, एवढाच तो प्रश्न.

नऊ फेऱ्या म्हटले, पण नोंदी आठच फेऱ्यांच्या होत्या. १९ ऑक्टोबर २०१६ च्या दुसऱ्या फेरीत, गुरूजवळ पोहोचण्याच्या काही तास आधी यानाचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि मोजणारी यंत्रे बंदच राहिली. ती रांग कोरी राहिली. कोरीच ठेवली. अंदाजाने भरली नाही. त्याच सुमारास इंजिनाच्या झडपा नीट चालेनात. मुळात फेरी १४ दिवसांची करायचे ठरले होते. पण इंजिन पेटवण्याचा धोका न पत्करता ५३ दिवसांचीच फेरी कायम ठेवायचे २०१७ मध्ये ठरले. वर्षा-दीड वर्षाचे काम पाच वर्षांवर गेले. पण एकदा बेत ठरला तो असा: आधी चार बाजूंनी चार उभ्या रेषा, मग त्यांच्या मध्ये चार, मग आठ, मग सोळा. अशा ३२ रेषा गुरूभोवती सारख्या अंतरावर. काम मध्येच बंद पडले असते तरी अर्ध्याच ग्रहाचा नकाशा हाती राहिला नसता; पूर्ण ग्रहाचा, पण विरळ नकाशा मिळाला असता. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत हे जाळे विणून झाले.

पहिल्याच फेरीत, २७ ऑगस्ट २०१६ रोजी, यंत्राने ७.७६६ गॉस एवढे क्षेत्र मोजले होते. पृथ्वीवर जिथे सर्वांत जास्त आहे त्याच्या दहापटींहून अधिक, आणि जुन्या तक्त्यांवरून जेवढे यायला हवे होते त्याहून बरेच जास्त. फरक पडला होता. आता फरक पडला की माणूस दोनच गोष्टी करतो. फरक शोधतो, नाही तर लपवतो.

हे मी घरच्या अनुभवावरून म्हणतो. त्याच महिन्यात आप्पांची तेरीज जुळत नव्हती. ११८० रुपयांचा फरक. वखारीत संगणक आहे आणि कराचे कागद त्यावरच होतात, पण मालकांचा भरवसा आप्पांच्या हातच्या कीर्द-खतावणीवर. महिनाअखेरीला वह्या घरी येतात. आप्पा रोज रात्री जेवण झाले की दिव्याखाली बसत आणि कीर्दीच्या पहिल्या पानापासून एकेक रक्कम खतावणीशी पडताळत. फरकाला नवाने भाग जात नव्हता, म्हणजे आकड्यांची उलटापालट झालेली नव्हती. निम्मे केले तर ५९०. म्हणजे ५९० ची एखादी रक्कम उलट्या बाजूला पडली असावी. पण त्या महिन्यात तेलाच्या एका कॅनचा भाव नेमका ५९० होता. वहीत जिकडे पाहावे तिकडे तीच रक्कम!

नवव्या रात्री मी वैतागून म्हणालो, "आप्पा, किरकोळ खर्चात टाका की. मालक काय विचारणार आहेत?"

आप्पांनी चष्मा काढला. "मालक विचारणार नाहीत," ते म्हणाले, "म्हणूनच टाकायचं नाही. ही रक्कम कुणाची तरी आहे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला जूनोची उभी कक्षा आठवली. पायोनियर १० आणि व्हॉयेजर गुरूजवळून गेली ती बहुतेक आडवी, विषुववृत्ताच्या आसपास. जूनो उभे गेले, म्हणून जे कोणाच्या वाटेत आले नव्हते ते त्याच्या वाटेत आले. आप्पाही नऊ रात्री एकाच वाटेने जात होते, तारखेप्रमाणे, कीर्दीकडून खतावणीकडे. आणि शेवटची पाने येईतो रोज त्याच ठिकाणी थकत होते. त्या रात्री मी म्हटले, "आप्पा, उलटं बघू या. मी खतावणी घेतो. एकेक खातं वाचतो, तुम्ही कीर्दीत शोधा."

दुसऱ्या रात्री सापडले. खानापूरकडच्या एका लहान दुकानदाराने एका कॅनचे ५९० रुपये रोख दिले होते. कीर्दीत रक्कम बरोबर जमा होती. खतावणीत ती त्याच्या नावे पडली होती. म्हणजे त्याने पैसे फेडले होते आणि वही म्हणत होती की त्याने आणखी उधार नेले. मी सांगितल्याप्रमाणे फरक किरकोळ खर्चात टाकला असता तर तेरीज छान जुळली असती, आणि पुढच्या बाजारी त्या माणसाकडे आम्ही ११८० रुपये जास्त मागितले असते.

अक्षर आप्पांचेच होते. मी काही बोललो नाही. आप्पांनी वही दिव्याजवळ नेली, मग डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे सरकवली. "मला दोन्ही रेघा एकच दिसल्या," ते म्हणाले. दोन रकान्यांमधली तांबडी रेघ त्यांना दिसत नव्हती. किती महिन्यांपासून, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. नंतर डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. चुकलेली रक्कम आप्पांनी खोडरबराने पुसली नाही, शाईने गिचमिडही केली नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारली, आतला आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद केली आणि सही केली.

"चूक दिसली पाहिजे," एवढेच म्हणाले.

गुरूच्या निळ्या ठिपक्याचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. तो चुकून पडलेला नव्हता. फेरीमागून फेरी तो तिथेच निघाला. उत्तरेच्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या रेषांचा बराच हिस्सा खरोखर त्या ठिपक्यातून आत जातो. शास्त्रज्ञांनी त्याला 'ग्रेट ब्ल्यू स्पॉट' असे नाव दिले. दुर्बिणीतून दिसणाऱ्या प्रसिद्ध तांबड्या डागाशी त्याचा संबंध नाही, आणि तो डोळ्यांना निळा दिसतही नाही, निळेपण नकाशातले. २०१८ साली हा नकाशा मांडणाऱ्या लेखाची पहिली लेखिका किंबर्ली मूर ही तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातली विद्यार्थिनीच होती. गुरूचा उत्तरार्ध आणि दक्षिणार्ध चुंबकीयदृष्ट्या इतके वेगळे असतील असे कोणालाही वाटले नव्हते. गुरूच्या पोटातली घुसळण सगळीकडे एकसारखी नसावी, तिथे वेगवेगळ्या घडणीचे थर असावेत, असा विचार त्यातून पुढे आला.

मग २०१९ मध्ये मूर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत आवडते. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. पायोनियर १०, पायोनियर ११, व्हॉयेजर १ आणि युलिसिस यांच्या नोंदी, सर्वांत जुन्या पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या. जूनोच्या तक्त्याशी त्यांचा ताळा पाहिला. थोडा फरक निघाला. तो कोणाची चूक नव्हता. गुरूच बदलला होता. वरून दिसणारे ढगांचे पट्टे ज्या वाऱ्यांनी वाहतात ते वारे खूप खोलवर पोहोचतात आणि चुंबकीय क्षेत्राला थोडे थोडे ओढून नेतात. निळा ठिपका सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर या गतीने पूर्वेकडे सरकतो आहे. या हिशेबाने गुरूला एक वळसा घालायला त्याला सुमारे ३५० वर्षे लागतील. मूळ काम झाल्यावर जूनोची मुदत वाढवली आणि ते पुन्हा पुन्हा या ठिपक्यावरून गेले. तो सारख्या गतीने सरकत नाही, खोलवरचा प्रवाह सुमारे चार वर्षांच्या ठेक्याने कमीजास्त होतो, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९७३ साली ज्यांनी ते आकडे टिपले त्यांना निळा ठिपका ठाऊक नव्हता. आपल्या नोंदीचा उपयोग कोणाला, कशासाठी होईल हेही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त दिसले ते लिहिले आणि जपून ठेवले.

सरांनी मला आपल्याकडचेही एक उदाहरण सांगितले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने मोजमाप बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ती १९०४ साली सुरू झाली. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने मोजत राहिले. जुन्या वहीची बाकी नव्या वहीत बिनचूक ओढून घेण्यासाठी. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाकी पुढं ओढल्याशिवाय जुनी वही बांधायची नसते, हे त्या माणसाला ठाऊक होतं म्हण की."

आप्पांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. तोपर्यंत रोज रात्री मी खतावणी वाचतो आणि ते ऐकतात. पूर्वी या कामाचा मला जो राग यायचा तो आता येत नाही. विज्ञान शिकायचे राहून गेले याचे वाईट वाटतेच, ते नाही असे मी म्हणणार नाही. पण लांबच्या ग्रहाचा नकाशा करणारी माणसे आणि वखारीतला दिवाणजी यांचे नियम वेगळे नाहीत, एवढे मला कळले. दिसले ते लिहावे, कोरी रांग अंदाजाने भरू नये, फरक लपवू नये, जुनी वही टाकू नये.

माझ्या मित्राचा गुरूवरचा लेख याच अंकाच्या कन्नड विभागात आहे. दोन्ही वाचता येणाऱ्यांनी ताळा पाहावा. फरक आढळला तर आम्हा दोघांना कळवावे.